तात्पर्य नंतर कळवण्यात येईल

इमारतीच्या जिन्यापाशी नवा सूचनाफलक लागला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या शिडीचे ग्रह फिरले.

फलक देखणा होता, त्यात वाद नाही. काचेचं दार, आत हिरवं मखमली कापड, वर छोटी ट्यूब आणि दाराला पितळी कुलूप. सेक्रेटरीसाहेबांनी तो स्वतः समोर उभं राहून ठोकून घेतला. पोरांचे हात पोचू नयेत म्हणून तो इतका उंच ठोकून घेतला की मोठ्यांचे डोळेही जेमतेमच पोचावेत. साहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या तराजूकडे संशयानं बघण्यात गेला, त्यामुळे त्यांच्या लेखी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या: शिक्का मारलेल्या आणि शिक्का मारायच्या राहिलेल्या.

फलक झाला, पण लावायचं काय? सूचना होत्या दोन. पाण्याची टाकी धुणार असल्याची एक, आणि गॅलरीतून पायपुसणी झटकू नयेत अशी दुसरी. एवढ्या हिरव्या मखमलीवर त्या दोघी मोठ्या हॉलमध्ये फार लवकर येऊन बसलेल्या पाहुण्यांसारख्या अवघडून दिसायला लागल्या. तेव्हा साहेब वहिनींकडे आले.

वहिनींच्या बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन असतं. नवे कपडे त्या शिवत नाहीत. लोकांचे जुने कपडे लोकांना पुन्हा बसते करून देतात. पॅन्टची उंची कमी करायची, चेन बदलायची, आवळलेलं सैल करायचं आणि निर्धार टिकला तर वर्षभरानं तेच पुन्हा आवळायचं. टेप कमरेला लावली की माणूस पोट आत ओढतो आणि माप खोटं येतं. त्यावर वहिनींनी काढलेला उपाय म्हणजे गोष्ट. त्या माप घेताना काहीतरी गोष्ट सांगायला घेतात, माणूस ऐकता ऐकता पोट विसरतो, आणि टेपेवर खरा आकडा येतो. साहेबांच्या पॅन्टचं मापही असंच एका गोष्टीच्या मध्यावर पकडलं गेलं होतं, म्हणून त्यांना वहिनींची आठवण झाली.

"एक पान हवं," साहेब म्हणाले. "सुवाच्य. दोन्हीकडे समास."

"कशावर लिहू?"

"विषय तुमचा. फक्त पाण्याचा नको, लोक तक्रार समजतील. पार्किंगचा नको. कुत्र्यांचा तर नकोच नको."

इमारतीत दुसरे विषय आहेत तरी कुठले? वहिनींनी घरभर नजर फिरवली, तेव्हा दाराआड घडी करून उभी असलेली शिडी दिसली. अॅल्युमिनियमची, हलकी, अख्ख्या इमारतीतली एकुलती एक शिडी. बल्ब कुणाचाही जावो, धावाधाव वहिनींच्या दाराशी. त्या शिडीनं जेवढी घरं आतून पाहिली होती तेवढी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानंही पाहिली नसतील, आणि तो तर फारसा येतच नाही.

वहिनींनी दोन पॅन्टी बाजूला सारल्या आणि लिहायला बसल्या. गोष्ट सरळ होती. शिडी बल्ब बदलायला म्हणून घराबाहेर पडते आणि ह्या घरातून त्या घरात फिरत राहते. कुणी तिच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडतं, कुणी मोजे वाळत घालतं, एका घरात मांजर तिच्या टोकावर बसून कारभार बघतं. शेवटी ती एका बाईकडे जाते. तिथे जे होतं ते होतं, आणि शिडी घरी परत येते.

कुणाला लागू नये म्हणून वहिनींनी वेषांतरं मात्र चोख केली. दुसऱ्या मजल्याला चौथा केलं. मांजराला कासव केलं. (कासव शिडीच्या टोकावर कसं पोचलं, हे ज्याचं त्यानं बघून घ्यावं.) आणि त्या शेवटच्या बाईला, जी खरी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावायच्या टेबलावर बसते, तिला उचलून कानांच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. ह्याहून जास्त लपवाछपवी माणसानं करायची तरी किती?

ही बाई म्हणजे समोरची. तिला सगळे समोरचीच म्हणतात, कारण वहिनी तसं म्हणतात. दोघींची दारं समोरासमोर, आणि मधल्या एवढ्याशा जागेत कित्येक वर्षांचं जाणंयेणं. दवाखाना सुटला की समोरची स्वतःच्या घराचं कुलूप काढायच्या आधी वहिनींकडे येते, मशीनशेजारच्या स्टुलावर बसते, चहाचा कप गुडघ्यावर ठेवते आणि दिवसभरातले दात सांगते. कुणाची दाढ, कुणाची कवळी, कोण खुर्चीत बसल्या बसल्या रडलं. वहिनी पायानं मशीन चालवत ऐकतात. खरं सांगायचं तर ती गोष्ट एकट्या समोरचीसाठीच लिहिली होती. बाकीची इमारत समासात होती. पण वहिनींनी तिला आधी काही सांगितलं नाही. तिनं येता येता फलकावर वाचावी, वर येऊन स्टुलावर बसावं आणि हसावं, एवढा साधा बेत.

साहेबांनी कागद उभ्या उभ्या वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. पुन्हा सुलटा केला.

"छान. विषय समजला. शिडी. आता तात्पर्य?"

"तात्पर्य नाहीये."

"राहिलं असेल. घरात बघा, दुसऱ्या कागदावर गेलं असेल."

"नाही हो. गोष्टच तेवढी आहे. शिडी जाते, फिरते, परत येते."

"ते झालं. त्यातून आम्ही करायचं काय?"

"म्हणजे?"

"टाकी धुणार, हे वाचलं की माणूस पाणी भरून ठेवतो. पायपुसणी झटकू नयेत, हे वाचलं की झटकत नाही."

"झटकतात की. पाचव्या मजल्यावरून रोज माझ्या कपड्यांवर—"

"तो वेगळा विषय. ही गोष्ट वाचून माणसानं काय करायचं?"

वहिनींनी विचार केला. "वाचायची," त्या म्हणाल्या. "आणि घरी जायचं."

साहेबांचा चेहरा पारडं हललंच नाही अशा तराजूसारखा झाला. मग वहिनींनी आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलं. "असं बघा, विषय म्हणजे कापड. तात्पर्य म्हणजे कॉलरमागचं लेबल. शर्ट काही लेबलाचा केलेला नसतो. उलट मानेला टोचतं म्हणून लोक ते माझ्याकडून काढून घेतात."

"लेबल नसेल तर उलटसुलट कसं कळणार?" साहेब म्हणाले. उत्तर वाईट नव्हतं, हे वहिनींना मनातल्या मनात मान्य करावं लागलं, आणि त्या गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे संमती, असा साहेबांच्या खात्यात नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोष्ट फलकावर लागली. वर टाइप केलेलं, 'विषय : शिडी. संदर्भ : नाही.' मधे गोष्ट. आणि खाली लाल शाईत, सही आणि शिक्क्यासह: 'तात्पर्य : नंतर कळवण्यात येईल.'

लोकांनी गोष्ट वाचली असती आणि विसरले असते. पण 'नंतर कळवण्यात येईल' असं लिहिल्यावर कोण विसरतं? पाणी कधी येणार, लिफ्ट कधी चालणार, ह्यांच्या जोडीला इमारतीला वाट बघायला तिसरी गोष्ट मिळाली. वहिनींना जिना चढणं मुश्कील झालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी त्यांना कठड्यापाशी गाठलं. "वहिनी, मैत्रीखातर सांगतो. तात्पर्य एकदा शिक्क्यानिशी लागलं की ते सगळ्यांवर बंधनकारक. त्यामुळे मोघम ठेवा. 'शक्यतो' हा शब्द घाला."

पाचव्या मजल्यावरचा जिमवाला दोन-दोन पायऱ्या चढता चढता थांबला. "पायरी-पायरीनं वर जायचं, हेच ना काकू? मला आधी सांगा, मी भिंतीवर लिहून घेतो." दोन-दोन पायऱ्या चढतच तो पुढे गेला.

सहाव्या मजल्यावरचे आजोबा तर खास काठी टेकत खाली आले. "शिडी चौथ्या मजल्यापर्यंत आली आणि परत फिरली. का? सहाव्यावर माणसं राहत नाहीत? आमचे बल्ब जात नाहीत?"

"आजोबा, चौथा म्हणजे तो दुसरा आहे."

"मग तर आणखीच खाली," आजोबा म्हणाले, आणि दोन दिवस बोलले नाहीत.

नणंदेचा परगावाहून फोन आला. "माझ्यावर लिहिलंस म्हणे."

"तुमच्यावर कशाला लिहीन, ताई?"

"गेल्या खेपेला तुझी मोठी बॅग नेली होती ना मी. सरळ मागायची होतीस. काचेत कशाला लावायचं?" चार दिवसांनी कुरियरनं बॅग आली. आत कोपरं विरलेले चार स्वेटर होते आणि 'सवडीनं कर' अशी चिठ्ठी.

मग दारात वस्तू यायला लागल्या. घंटी वाजायची, दार उघडावं तर माणूस नाही, पण उंबऱ्याशी एक चाळण. नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर. नाहीतर कधीकाळी कुणीतरी कुणाकडून तरी नेलेली इस्त्री. ह्यातलं काहीएक वहिनींचं नव्हतं. पण ज्यांची मनं खात होती त्यांना खऱ्या मालकाकडे जायची लाज वाटत होती, आणि गोष्ट लिहिणाऱ्या बाईच्या दारात ठेवणं सोपं होतं. हातातलं काम टाकून वहिनी मजल्या-मजल्यावर 'ही चाळण आपली का' विचारत फिरल्या. चाळणीवर दोन घरांनी हक्क सांगितला. इस्त्रीवर एकानंही नाही, कारण ती चालत नव्हती.

घरात तरी शांतता असावी. वहिनींचा नवरा बसडेपोत टाइमकीपर. बस किती उशिरा आली हे लिहिण्यापलीकडे त्यानं आयुष्यात कशावर टीका केलेली नव्हती. तोही एका संध्याकाळी मोजे काढता काढता म्हणाला, "शिडी म्हणजे मीच ना?"

"तुम्ही कुठून आलात ह्यात?"

"सगळ्यांच्या उपयोगी पडायचं. आणि घरात दाराआड." त्यानं दाराआडच्या शिडीकडे अशा नजरेनं पाहिलं की वहिनींना दोघांचीही दया आली. "लिही तू. मी काही म्हणत नाही. फक्त डेपोतल्या कुणाला वाचायला देऊ नकोस."

हे सगळं वहिनींनी सोसलं असतं, हसण्यावारीसुद्धा नेलं असतं. पण स्टूल रिकामं होतं.

गोष्ट लागली त्या दिवसापासून समोरची आलीच नव्हती. पहिल्या दिवशी वाटलं, दवाखान्यात गर्दी असेल. दुसऱ्या दिवशी तिचं कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि दार लागल्याचा आला, मधे काहीच नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी दार उघडंच ठेवून बसल्या आणि ती जिन्यावर दिसताच उठल्या.

"अगं, चहा टाकलाय."

"नको. आज कान फार दुखतायत," समोरची म्हणाली. "कानांच्या डॉक्टरकडे काम करते ना मी."

वहिनी कसनुशा झाल्या. "लागलं का तुला?"

"मला कशाला लागेल? चौथ्या पायरीवर बसून चहा पिणारी बाई दुसरीच कुणीतरी आहे. सगळी इमारत माझ्याकडे बघून हसते ती आपली उगीचच." तिनं किल्ली फिरवली. "तात्पर्य कळवणार आहेस म्हणे. लवकर कळव. मीपण वाट बघतेय, माझं काय चुकलं ते कळायची."

दार लागलं. कपात ओतलेला चहा वहिनींनी एकटीनं प्यायला. मशीनच्या आवाजाशेजारी दातांचा आवाज नसला की खोली फार मोठी वाटते, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. गोष्ट काढून टाका, म्हणाल्या.

"अशी कशी काढणार?" साहेब म्हणाले. "विषय लागलेला आहे, तात्पर्य प्रलंबित आहे. प्रलंबित प्रकरण काढता येत नाही. आधी निकाली काढावं लागतं. त्यासाठी मी रविवारी मिटिंग बोलावली आहे."

अशा रीतीनं तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, आपापल्या घरातून आणलेल्या खुर्च्यांवर बसून, इमारतीनं एका गोष्टीचं तात्पर्य बहुमतानं ठरवायला घेतलं. पाण्याच्या प्रश्नावर सातआठ माणसं जमतात. ह्याला जागा पुरेना. समोरचीही आली होती. मागे, खांबाशी, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन बसली होती.

वहिनी बोलायला उठल्या तर साहेबांनी हात वर केला. "लेखिकेला मत देता येणार नाही. हितसंबंध आहेत."

"मत नको. गोष्ट कशाबद्दल आहे तेवढं सांगते."

"गोष्ट कशाबद्दल आहे ते वर टाइप केलेलं आहे. बसा, वहिनी."

वहिनी बसल्या. मग वकिलांनी पावती घेतल्याशिवाय वस्तू देऊ नये असं तात्पर्य मांडलं. जिमवाल्यानं पायऱ्यांचं मांडलं. आजोबांनी सहाव्या मजल्याचा उल्लेख असलेलं कुठलंही तात्पर्य चालेल असं सांगितलं. कुंड्यावाल्यांनी मोजेवाल्यांकडे बोट दाखवलं, मोजेवाल्यांनी मांजरवाल्यांकडे, आणि मांजरवाल्यांनी गोष्टीत कासव असल्याचं निदर्शनास आणलं. शेवटी वकिलांच्या मिसेस उठल्या. "मी म्हणते, शिडी ही चढायची वस्तू आहे. चढावं आणि उतरावं. काही लोक तिच्यावर बसून चहा पितात, त्याबद्दलही एखादं वाक्य हवं." असं म्हणताना त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही, आणि त्यामुळे सगळ्यांनी मागे खांबाकडे पाहिलं.

कुणाचंच मन मोडू नये म्हणून सगळ्यांची तात्पर्यं एकत्र शिवण्यात आली. घेतलेली वस्तू शक्यतो मुदतीत परत करावी. वस्तूचा वापर ती ज्यासाठी केली आहे त्यासाठीच करावा, बसण्यासाठी वगैरे करू नये. आणि ज्यांच्याकडे वस्तू आहे त्यांनी ती सहाव्या मजल्यासह सर्वांसाठी खुली ठेवावी. 'शक्यतो' आणि 'वगैरे' वकिलांचे.

'बसण्यासाठी' हा शब्द वाचला गेला तेव्हा मागे घडीच्या खुर्चीचा खटकन आवाज आला. वहिनींनी वळून पाहिलं तोवर समोरची खुर्ची काखेत मारून जिन्याला लागली होती.

तिसऱ्या कलमाचा अर्थ वहिनींना सोमवारी कळला. वॉचमन शिडी न्यायला आला. "सर्वांसाठी खुली" म्हणून ती आता मीटरच्या खोलीत कुलपात राहणार होती. साहेब स्वतः सोबत होते. त्यांनी शिडी उघडून, मिटून, वाकून तपासली आणि चौथ्या पायरीशी थांबले. "इथे एक गोल डाग आहे. पूर्वीचा आहे, असं नोंदवून घेतो. नंतर तक्रार नको."

"तो राहू दे," वहिनी म्हणाल्या.

शिडीचं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे तात्पर्य लावणं. तिथे एक अडचण आली. फलकाचं कुलूप नवं होतं, किल्लीही नवी होती, पण गोष्ट लावताना एकदा पटलं तेवढंच, ह्या खेपेला दोघांचं पटलं नाही. साहेबांनी तेल घातलं, फुंकर मारली, दटावलं. कुलूप उघडलं नाही. तेव्हा त्यांनी तात्पर्याचा कागद बाहेरून काचेवरच, भरपूर डिंक लावून चिकटवला. कागद मोठा होता, अक्षरं त्याहून मोठी. पॅन्टचं गिऱ्हाईक पोचवायला वहिनी खाली आल्या तेव्हा त्यांना दिसलं की तात्पर्य बरोबर गोष्टीच्या शेवटच्या परिच्छेदावर बसलं आहे. कुंड्या दिसत होत्या, मोजे दिसत होते, कासवसुद्धा दिसत होतं. चौथी पायरी तेवढी झाकली गेली होती.

आतापर्यंत वहिनींना वाईट वाटत होतं. आता राग आला. वहिनींना राग क्वचित येतो, पण आला की त्या फार सभ्य होतात.

"साहेब, शिडी मिळेल का थोडा वेळ?" त्यांनी संध्याकाळी अत्यंत सभ्यपणे विचारलं.

"काम?"

"लेबल काढायचंय."

"कशाचं?"

"मानेला टोचणारं."

धंद्याचं काम दिसतं, असं समजून साहेबांनी मान डोलावली. "एकानं चढायचं, एकानं धरायचं. माणूस पडला तर जबाबदारी माझी. मी फिरून येईपर्यंत परत हवी." टोपी घालून, छडी घेऊन ते फिरायला गेले.

वहिनींनी कपडे उसवायचं अर्धं ब्लेड आणि एक ओलं फडकं घेतलं आणि समोरचं दार वाजवलं.

"शिडी धरायला माणूस हवंय," त्या म्हणाल्या.

"मिटिंग घ्या," समोरची म्हणाली.

"घेतली असती. माझ्याच गोष्टीत मला मत नाही."

समोरचीच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तिनं तो वेळीच आवरला. "करणार काय आहेस?"

"तात्पर्य खरवडणार आहे."

"तू? तुला दुसऱ्या पायरीवर चक्कर येते. पडदे मी लावून देते तुझे."

"म्हणून तर दोघी लागतात."

समोरचीनं चपला घातल्या. "मी बोलत नाहीये तुझ्याशी. नुसती चढणार आहे. नाहीतर तू पडशील आणि त्याचंही तात्पर्य निघेल."

फलकापाशी शिडी उघडून वहिनींनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. समोरची चढली आणि ब्लेड चालवायला लागली. डिंक ओला करायचा, कड उचलायची, सोलायचं. दातांवरचं किटण काढताना डॉक्टर करतात तसा बारीक आवाज येत होता.

"तू गोष्ट वाचलीस का गं?" वहिनींनी खालून विचारलं.

"गरज पडली नाही. पहिल्याच दिवशी वकिलांच्या मिसेसनी सांगितली. तात्पर्यासकट."

"तात्पर्य तर काल ठरलं."

वर ब्लेड थांबलं. मग 'मुदतीत परत करावी' सगळं एका पट्टीत निघालं, आणि खालून वहिनींचं अक्षर दिसायला लागलं. कपाळावरचा चष्मा समोरचीनं डोळ्यांवर घेतला आणि दवाखान्यात नंबर पुकारायच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'मग शिडी एका बाईकडे गेली. ती दिवसभर लोकांचे दुखणारे कान ऐकते.' हं. 'तिचा बल्ब बदलून झाला, पण ती उतरली नाही. सहज चौथ्या पायरीवर बसली. तिथून तिला खिडकीतून समोरच्या गच्च्यांच्या पलीकडचं मोकळं आभाळ दिसलं. घर तिचंच होतं, पण तिथून ते तिला नवीन वाटलं.'"

ती थांबली. फडक्यानं काच पुसली. 'बसण्यासाठी वगैरे' सोललं. पुढचं वाचताना आवाज नंबर पुकारायचा राहिला नव्हता.

"'मग ती रोज तिथे बसून अर्धा कप चहा प्यायला लागली. शिडीवर आजवर सगळे चढले होते आणि उतरले होते. तिच्याशी बसलं कुणी नव्हतं. शिडी परत आली तेव्हा मालकिणीनं ती पुसायला घेतली. कुंड्यांची माती पुसली, कासवाचे केस पुसले.' कासवाला केस?"

"ते घाईत राहिलं."

"'चौथ्या पायरीवर कपाचा गोल डाग होता. मालकिणीनं तेवढा पुसला नाही. शिडी दाराआड उभी आहे. डाग आहे.'" तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं, कागदाची कड तपासली. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"तात्पर्य?"

"नाही म्हटलं ना. केव्हापासून ओरडतेय मी."

समोरचीनं चष्मा काढून नाकपुड्या दाबल्या, "डिंकाचा वास फार आहे," म्हणाली, आणि चौथ्या पायरीवर खाली बसली. जिन्यापाशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत, गुडघ्यावर ओलं फडकं ठेवून.

"मला सांगायचं तरी होतंस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू पोट आत ओढलं असतंस."

समोरची हसली. आधी नाकातून, मग अंगातून, आणि शिडी गदगदा हलायला लागली. वहिनींना ती छातीशी कवटाळून धरावी लागली.

नेमके त्याच वेळी साहेब फिरून आले. काचेवर तात्पर्याचा तिसरा तुकडा, सहाव्या मजल्यासह, लोंबत होता. खाली बाकीचं तात्पर्य चोळामोळा होऊन पडलं होतं.

"हे काय चाललंय? ठराव झालेला आहे. शिडी बसण्यासाठी नाही."

"मग कशासाठी आहे?" वहिनींनी विचारलं.

साहेब उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात समोरचीनं वरून दवाखान्यातला आवाज लावला. "नंतर कळवण्यात येईल."

आपलंच वाक्य, तेही इतक्या अधिकारवाणीनं अंगावर आल्यावर साहेब गोंधळले. शिक्का त्यांचा होता, त्यामुळे त्यांना हरकत घेता येईना. वहिनींनी वेळ दवडला नाही.

"साहेब, जरा धरता? मी चहा घेऊन येते. एकानं धरायचं, असा नियम आहे."

नियम होताच, आणि त्यांनीच केलेला होता. साहेबांनी छडी भिंतीला टेकवली आणि शिडी धरली. धरल्या धरल्या करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे ते मान वर करून काचेतलं वाचायला लागले. वहिनी तीन कप घेऊन खाली आल्या तेव्हा ते शेवटच्या ओळीशी पोचले होते आणि त्यांचा चेहरा जरा ओशाळला होता.

"तो डाग मी आजच वॉचमनला पुसायला सांगितला होता," ते हळूच म्हणाले.

वहिनी कप देता देता थांबल्या. "पुसला?"

"खूप घासलं म्हणाला. निघत नाही."

"निघायचा नाही," समोरची आपला कप घ्यायला वाकत म्हणाली. "माझा चहा कडक असतो."